गाण्यामागची गोष्ट : आधी कोंबडी पळाली, मग चमेली आली



लग्नसराई आली की आपल्या आदिलाबादेत वरातीचा डीजे तिन्ही भाषांत वाजतो. तेलुगू, हिंदी, मराठी, सगळं एका दमात. जैनथ-बेल्याकडच्या वरातीत मराठी गाण्याला आजही जास्त टाळ्या पडतात.

अशाच एका वरातीत ‘कोंबडी पळाली’ लागलं आणि माझा भाचा म्हणाला, “मावशी, हे तर ‘चिकनी चमेली’ची कॉपी आहे!” त्याच्या शाळेत मराठी नाही. त्यामुळे आधी काय आलं, हे त्याला कोण सांगणार? म्हणून आज हीच गोष्ट.

‘कोंबडी पळाली’ आलं 2006 साली, केदार शिंदे यांच्या ‘जत्रा’ चित्रपटात. शब्द जितेंद्र जोशींचे, संगीत अजय-अतुलचं, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे. पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. सहा वर्षांनी, जानेवारी 2012 मध्ये, हिंदी ‘अग्निपथ’ आला. त्यात तीच चाल ‘चिकनी चमेली’ झाली. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, गायिका श्रेया घोषाल, नाचायला कतरिना कैफ. म्हणजे दोघांच्या नोकझोकीचं गाणं एकटीचं झालं.

मग ही चोरी का? मुळीच नाही. ‘अग्निपथ’चं संगीतही अजय-अतुलचंच होतं. आपलीच चाल त्यांनी नव्या घरी नेली.

‘झिंगाट’चंही तसंच. 2016 च्या ‘सैराट’मधलं हे गाणं. 2017 मध्ये ‘सैराट’ कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ झाला, नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’ आला. करमाळ्याकडची गोष्ट थेट उदयपूरला गेली. ‘झिंगाट’ हा शब्द तेवढा राहिला, बाकी बोली बदलली.

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. चाल कुठेही जाते, कोणत्याही भाषेत रुळते. ढोल-ताशाला पासपोर्ट लागत नाही! पण गावाकडची बोली, तिचा ठसका, तिची थट्टा तशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नाही. पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर मराठी पडते ती घरात, नाहीतर गाण्यात. त्यांना फक्त हिंदी आवृत्तीच माहीत राहिली, तर चाल त्यांच्याकडे राहील, भाषा मात्र हातची जाईल.

म्हणून एक विनंती. यंदाच्या वरातीत डीजेवाल्याला यादी देताना मूळ मराठी गाणं आधी लिहा. हिंदी नंतर वाजू द्या, त्यावरही नाचूया. आणि नाचून दमलेल्या पोरांना पाणी देताना शब्दांचा अर्थही सांगा. एका गाण्यातून चार शब्द जरी घरी आले, तरी कमाईच म्हणायची.

पुढच्या अंकात भेटूच!