पाल्याचे काटे

नर्मदेला पावसाळी पाणी चढले की खाऱ्या पाण्यातला पाला अंडी घालण्यासाठी नदीत वर येतो. बंगाल्यांचा इलिश नि सिंध्यांचा पल्ला तो हाच. आमच्या करजणहून भडोच फार दूर नाही, त्यामुळे आषाढात एखादा पाला घरी येतोच. पुढे श्रावण लागला की पाळणाऱ्या घरांत मासळी बंद! ऐन मोसमात हा उपास पडतो, याचा आमच्या मातोश्रींना आजही राग येतो. भाडभूतच्या बंधाऱ्याने पाल्याची वाट अडेल, ही तेथील मच्छीमारांची तक्रार ऐकल्यापासून तर अधिकच.

पण खरी अडचण काट्यांची. सुरमईच्या मधल्या काट्यालगत सुरी फिरवावी, पोटाकडचे काटे उपटावे, की बिनकाट्याचे मांस हाती येते. मटणाचे हाड खाटीकच काढून देतो. पाल्याचे बारीक, दुभंगलेले काटे मात्र मांसातच रुतलेले असतात. कणा काढला तरी ते जागच्या जागी राहतात. मातोश्री ते बोटांनी चाचपून काढीत आणि निवडलेला घास आम्हां भावंडांच्या पानांत वाढीत. आता त्यांची ऐंशी उलटली, दृष्टी मंदावली. गेल्या आषाढात त्यांच्याच घशात काटा अडकला. आम्ही घाबरून सुक्या भाताचा गोळा गिळावयास दिला. काटा अधिक रुततो म्हणून असे कधी करू नये, हे डॉक्टरांनी आम्हांस, म्हणजे एका हेडमास्तरांस, चांगलेच सुनावले! त्या दिवसापासून मातोश्रींनी पाल्याचे नाव टाकले.

इंग्रजी अमदानीत कलकत्त्यास साहेबांसाठी पाला धुरावर शिजवून बिनकाट्याचा करीत. ब्रह्मदेशात तो आंबट घालून तासन्‌तास शिजवितात. आम्ही ही दुसरी रीत उचलली. तुकड्यांना हळद-मीठ चोळले, चिंचेचा कोळ व चमचाभर व्हिनेगर घातले आणि प्रेशर कुकर मंद आचेवर सव्वा तास ठेवला. पाणी बेताचे घातल्याने पहिला पाला करपला. वाचकांनी तुकडे बुडून वर दोन बोटे राहील इतके घालावे. दुसऱ्या खेपेस बारीक काटे चिमटीत चुरडण्याइतके मऊ झाले. कण्याचे मणके आम्ही काढून टाकले, प्रत्येक तुकडा दिव्याखाली बोटांनी दाबून पाहिला, मग पान वाढले.

मातोश्रींनी पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला. ‘मासा पार गाळ केलास रे,’ म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा पुढे केली.