पगाराची पावती फाडा

मुलांसाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेचा वार्षिक अहवाल घ्या. आधी त्यातली मुलं मोजा, मग सत्कारमूर्ती मोजा. सत्कारमूर्तीच जास्त भरतील. मुखपृष्ठावर पुढचे दोन दात पडलेली हसरी पोरगी. आत अध्यक्षांचं मनोगत, कार्याध्यक्षांचं मनोगत, आणि ज्यांना मनोगत लिहायला जमलं नाही त्यांचे शुभसंदेश. दाराएवढ्या पुठ्ठ्याचा धनादेश एका बाजूने साहेबांनी धरलेला, दुसऱ्या बाजूने विश्वस्तांनी, आणि त्यामागे मुलं उभी आहेत हे खालून दिसणाऱ्या पायांवरून ओळखायचं. मग बिल्डरच्या पानभर शुभेच्छा. शेवटून दुसऱ्या पानावर, भिंग लावून वाचावा अशा टायपात, जमाखर्च.

मला त्या अख्ख्या अहवालातलं तेवढं एकच पान वाचण्यासारखं वाटतं. बँकेत नोकरी झाली, त्याचा परिणाम असेल. मी कोपरला राहतो. वरून दिवा-वसईची गाडी आणि खालून मध्य रेल्वेच्या लोकल जातात त्या स्टेशनापासून खाडीच्या अंगाला गेलं की चाळी लागतात. तिथल्या पोरांची संध्याकाळची अभ्यासिका चालवणारी एक लहानशी संस्था आहे, तिचे हिशेब मी लिहितो. संस्थेचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही दप्तरं पाठवाल.

दप्तरं नकोत हो. जूनमध्ये आमच्या एकेका पोराला तीन-तीन दप्तरं मिळतात. एकावर कंपनीचा लोगो, दुसऱ्यावर भाऊंचा फोटो, तिसऱ्यावर भाऊंच्या विरोधातल्या भाऊंचा फोटो. वह्या इतक्या की दिवाळीत त्यांच्या पानांत करंज्या गुंडाळतात. आणि त्याच पोराला जोडाक्षर वाचायला शिकवणारी ताई? वस्तीतलीच आहे, बारावी झालेली, सकाळी डोंबिवलीतल्या दोन घरी पोळ्या करून येणारी. तिला महिन्याचे किती देतो ते इथे लिहायची मला लाज वाटते, आणि तेही कधी वेळेवर देत नाही. ती गेल्या पावसाळ्यात दोन आठवडे तापाने पडली तेव्हा अभ्यासिका बंद होती. दप्तरं होती सगळी. भिंतीला नीट टांगलेली.

तिच्या पगाराची पावती फाडायला कोणी तयार नसतं. मुलांच्या संस्थांचे हिशेब बिघडलेत असं उठता-बसता म्हणणाऱ्या दात्यांना मला सांगायचंय की ते निम्मे तुम्हीच बिघडवलेत. तुम्हाला जे विकत घ्यायचं असतं तेच संस्था अहवालात छापतात.

तुम्हाला काय विकत घ्यायचं असतं ते मला फोनवर कळतं. परवाचाच घ्या.

“काका, रविवारी आमच्या पिल्लूचा पहिला वाढदिवस आहे. तुमच्याकडे साधारण किती मुलं असतात?”

“चाळीसेक. पण रविवारी सुट्टी असते.”

“बोलावता येतील ना? केक, समोसे सगळं आम्ही आणतो. अनाथ आहेत ना?”

“नाही हो. आईबाप आहेत. बिगारी काम करतात, धुणीभांडी करतात.”

“अच्छा...” मग जरा थांबून, “नाही, आम्हाला जरा अनाथच हवे होते.”

हवे होते! भाजीवाल्याकडे कोवळी भेंडी मागावी तसे अनाथ मागतात लोक. आणि मागणी असली की माल येतोच. आईबाप किंवा दोघांतलं एक जिवंत असलेली मुलं आश्रमांत राहतात ती गरिबीपायी, पण पाटीवर आणि पावतीपुस्तकावर ‘अनाथ’च लिहिलेलं असतं, कारण ‘बाप दारुडा आहे आणि आईला दोन पाळ्या कराव्या लागतात’ याला देणगी मिळत नाही. अशा मुलाला त्याच्याच घरात, आजीकडे किंवा मावशीकडे ठेवायला महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाईंचं नाव आहे तिला. महिन्याला 2,250 रुपये, म्हणजे दिवसाला 75. तेवढ्यात मूल घरी राहू शकतं. पण घरी राहिलेल्या मुलासमोर केक कापता येत नाही. शिवाय त्या मावशीला अर्ज भरून द्यायला, तालुक्याला चार खेपा घालायला कार्यकर्ता लागतो आणि त्या कार्यकर्त्याचा पगार म्हटला की पुन्हा तुमचं तोंड वाकडं.

‘किती टक्के थेट मुलांवर जातात?’ हा सुशिक्षित डोंबिवलीकराचा लाडका प्रश्न. विचारताना चेहऱ्यावर असा भाव की आता याला पकडलाच. थेट म्हणजे काय, साहेब? मुलाच्या तोंडात नोट कोंबायची? शिकवणं माणूस करतो. ताप आला तर दवाखान्यात माणूस नेतो. शाळेतून गळालेलं पोर नाक्यावरून शोधून माणूसच आणतो. मुलांच्या कामात पगार हाच मुलांवरचा खर्च असतो. केक हा तुमच्यावरचा खर्च.

आता या टक्क्याची गंमत ऐका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे प्रत्येक न्यासाने दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयाला द्यायचे असतात. जमाखर्चाचा नमुना या कायद्याखालच्या नियमांच्या नवव्या अनुसूचीत दिलाय. त्यात वरच्या बाजूला ‘आस्थापना खर्च’ अशी एक ओळ आणि खाली ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’. त्या खालच्या खर्चाचे शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य असे पोटभाग. समजा वर्षाचा खर्च 10 लाख, त्यातले 6 लाख पगार. हे 6 लाख वरच्या ओळीत बसवले की संस्था उधळी ठरते आणि खाली ‘शिक्षण’मध्ये बसवले की तीच संस्था रातोरात संतपदाला पोचते. रुपयाही इकडचा तिकडे झालेला नाही. शिकवणाऱ्या ताईचा पगार खालीच जायला हवा, यात वाद नाही. पण एकदा टक्क्याचं भूत मानेवर बसलं की तिच्यामागोमाग विजेचं बिल खाली सरकतं, मग भाडं, मग सचिवांचा मोबाइल. ‘93 टक्के थेट मुलांवर’ हा आकडा असा तयार होतो. सनदी लेखापालाला बिचाऱ्याला सही करायची असते. बेरीज जुळली, व्हाउचरं आहेत, तो करतो.

शिकवणाऱ्याचा पगार म्हणजे उधळपट्टी नव्हे, एवढी अक्कल कायद्यालाही आहे. परदेशी देणग्यांचा कायदा 2020 मध्ये आवळला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. फार कडक झाला म्हणून सगळ्यांनी बोंब मारली, मीही मारली. पण त्याच कायद्याच्या नियमांत म्हटलंय की शाळेतल्या शिक्षकाचा आणि रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरायचा नाही. दिल्लीच्या बाबूला जे समजतं ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना समजत नाही.

कंपन्यांची तर निराळीच तऱ्हा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी काढायला लावले. छान झालं. नियमात प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती आहे कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खात्याला. साहेबांचे दौरे आवरावेत म्हणून. साहेबांनी ती उचलून संस्थेच्या माथी मारली! मोठ्या संस्थांना वकील असतात, त्या भांडतात. छोट्या संस्था मान डोलावतात आणि ताईचा पगार ‘साहित्य वितरण समन्वय’ अशा नावाखाली लपवतात. मार्च उजाडला की यांची धांदल बघावी. खर्च न झालेली रक्कम ठरलेल्या निधीत भरावी लागते, म्हणून वीस तारखेनंतर फोन: तीनशे स्वेटर आहेत, घेता का? मार्चअखेर, खाडीकाठी, स्वेटर.

बरं, पगाराला नाक मुरडण्याचं हे खूळ नुसतं कंपन्यांनी आणलेलं नाही. आपल्या घरातलंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं, घरोघरच्या मूठमूठ धान्यावर पोरं जगवली. आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. ही गोष्ट सांगताना आपला आवाज अजून भरून येतो. येऊ दे. पण शंभर वर्षं ती गोष्ट सांगून आपण शिकलो काय? समाजकार्य करणाऱ्याच्या बायकोने मंगळसूत्र विकावं, हे. त्या बाईला एवढ्या पोरांना रांधून घालावं लागलं, दागिने मोडावे लागले, कारण साताऱ्यातल्या खाऊनपिऊन सुखी माणसांनी वेळेवर हात सैल सोडला नाही. हा त्या गोष्टीतला नामुष्कीचा भाग आपण सोडून देतो. आणि आज कोपरच्या ताईने महिना पंधरा हजार मागितले की म्हणतो, ‘सेवाभाव राहिला नाही हल्ली.’

पैसे गोळा करायलाही पैसे लागतात, हेही कुणाला ऐकायचं नसतं. क्राय ही संस्था 1979 मध्ये मुंबईत रिपन कपूर या विमान कंपनीतल्या कर्मचाऱ्याने मित्रांना घेऊन सुरू केली, 50 रुपयांवर. हे पन्नास रुपये सगळ्यांना पाठ असतात. पुढे भेटकार्डं विकून संस्था उभी राहिली, आणि भेटकार्डांना कागद लागतो, छपाई लागते, दुकानोदुकानी हिंडायला माणसं लागतात, ते कुणाला आठवत नाही. आमच्याकडे डोंबिवलीत जुना मार्ग म्हणजे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात नाटकाचा मदत-प्रयोग लावायचा. थिएटरचं भाडं, नाटक कंपनीचं मानधन, तिकिटं खपवायला गळ्यात मारलेले पाहुणे. तिकिटांतून जेमतेम खर्च निघतो. खरा पैसा स्मरणिकेत. पाठचं पान, आतलं पान, अर्धं पान, ‘एक हितचिंतक’ची दोन ओळींची चौकट. ज्यांना ताईच्या पगाराला पाच हजार जड जातात ते पाठच्या रंगीत पानाला पंचवीस हजार देतात. त्यातून मग ताईचा पगार निघतो. म्हणजे पाच हजारांचं काम करायला आम्ही नाटक लावतो, अक्षरशः.

इतकं सगळं विचारणारे हे चोखंदळ दाते हवं तिथे मात्र काही विचारत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये आमच्याच कल्याण तालुक्यात, खडवलीला, नोंदणी नसलेल्या एका वसतिगृहातून 29 मुलांची सुटका झाली. मारहाणीचे, लैंगिक छळाचे आरोप, गुन्हा दाखल, अटक. खडवली म्हणजे काही दुर्गम डोंगर नाही, कसारा लोकल थांबते तिथे. 2015 च्या बालन्याय कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची केलीय. नसेल तर वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी लाखाचा दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाचे फुगे घेऊन आश्रमाच्या दारात उतरणाऱ्यांपैकी किती जणांनी आजवर ते प्रमाणपत्र बघायला मागितलंय? टक्केवारी विचारतात, कारण ती विचारल्याने हुशार वाटतं. प्रमाणपत्र विचारलं तर फोटो काढायचा राहून जाईल.

फोटोवरून आठवलं. याच कायद्याचं 74 वं कलम अशा मुलांची ओळख पटेल असं छायाचित्र छापायला बंदी करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. आता ते तुमच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरचे फोटो आठवा, केकपुढे ओळीने बसवलेल्या पोरांचे, नावगावासकट. संस्था का काढू देतात? नाही म्हटलं तर तुम्ही पुढच्या आश्रमात जाता म्हणून.

चोर संस्था नाहीत असं मी म्हणत नाही. पुष्कळ आहेत, दोन-चारांचे ताळेबंद मी पाहिलेत. इमारत निधी वर्षानुवर्षं फुगतोय आणि इमारतीची वीट नाही. पण चोर पकडायची जागा पगाराची ओळ नव्हे. विश्वस्तांना दिलेली कर्जं बघा. ठेवी किती साचल्यात बघा. एकूण उत्पन्नातले 85 टक्के वर्षाच्या आत खर्च करा असं आयकर खातं सांगतं, ते होतंय का बघा. रोख किती घेतात बघा. आणि जिथे चाळीस मुलं आहेत पण पगाराचा आकडा जवळपास शून्य आहे, ती संस्था तर आधी बघा. तिथे एकतर कोणीतरी फुकट राबतंय, किंवा मुलांकडे कोणीच बघत नाहीय.

तेव्हा यंदा पिल्लूच्या वाढदिवसाला एवढं करा. कुठलीही संस्था धरा, आमचीच असं नाही. तिचा तपासलेला जमाखर्च मागा, मुलं ठेवत असतील तर नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, आणि देणगी देताना पावतीवर स्वच्छ लिहून घ्या: ‘शिक्षिकेच्या पगारासाठी’. केकाचे पैसे वाचतील तेही त्यातच घाला.

आमच्या अभ्यासिकेचा यंदाचा अहवाल चार पानांचा काढला. फोटो एकही नाही. पगाराचा आकडा पहिल्याच पानावर, ठळक टायपात. देणग्या गेल्या वर्षीपेक्षा कमी आल्यात.