बिल्ला जनावराच्या कानात, माहिती मालकाची. ती सांभाळणार कोण?

पालम : लसीकरणाला पथक गावात आलं की आधी जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला बघितला जातो. बिल्ला नसेल तर तो मारून मगच लस टोचली जाते. या दहा मिनिटांच्या कामात मालकाचं नाव, गाव, मोबाईल नंबर आणि बऱ्याचदा आधार क्रमांकही लिहून घेतला जातो. जनावराची नोंद होते तशी माणसाचीही होते. ही माहिती पुढे कुठं जाते आणि कोणाच्या हाती लागते, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

बिल्ल्याशिवाय आता चालत नाही

लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस हे रोग आटोक्यात आणण्यासाठी केंद्राने सप्टेंबर 2019 मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक जनावराला बारा अंकी क्रमांक मिळतो. ही नोंद आधी 'इनाफ' प्रणालीत होत होती, आता ती 'भारत पशुधन'वर होते. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून नियम आणखी कडक झाले. बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही आणि सरकारी दवाखान्यातली सेवाही नाही, असं शासनाने ठरवलं.

या नोंदीचा फायदा मोठा आहे. 2022 मध्ये लम्पीने जनावरं दगावली तेव्हा राज्य सरकारने दुधाळ जनावरासाठी 30 हजार, बैलासाठी 25 हजार आणि वासरासाठी 16 हजार रुपये मदत दिली. जनावर कोणाचं, हे नोंदीतून सिद्ध होत असेल तर अशी मदत लवकर मिळते. पालम, गंगाखेड भागात लाल कंधारीची एक जोडी म्हणजे घराची मोठी पुंजी. त्यामुळे 'नोंदच नको' म्हणणं कोणालाच परवडणारं नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याची माहिती सांभाळण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर जास्त येते.

माहिती फुटते कुठं?

नुसत्या बिल्ल्याकडं बघून मालकाचा मोबाईल नंबर कळत नाही, त्यावर फक्त आकडे असतात. धोका असतो तो कागदाला आणि मोबाईलला. नेटवर्क नसलं की नावं आधी वहीत उतरवली जातात आणि नोंद नंतर भरली जाते. तीच यादी फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली, तर नाव, नंबर आणि आधार एका जागी शेकडो लोकांना दिसतात. आधारची झेरॉक्स गोठ्यावर दिली, तर तिचं पुढे काय झालं हेही समजत नाही.

अशी यादी भामट्याच्या हाती लागली की त्याचं काम सोपं होतं. "तुमच्या म्हशीची मदत मंजूर झाली, आलेला ओटीपी सांगा," असा फोन येतो. समोरच्याला नाव, गाव आणि घरी म्हैस असल्याचंही माहीत असल्यावर माणूस सहज विश्वास ठेवतो. खरी अडचण अशी की नोंदणी किंवा मालकी बदलताना सरकारी प्रणालीचाही ओटीपी येतो. म्हणून खरा कोणता आणि खोटा कोणता, यात गोंधळ होतो. मेसेज पूर्ण वाचणं हाच त्यावर उपाय. मेसेजमध्ये रक्कम किंवा बँकेचं नाव असेल तर तो ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. फोनवरून मागितलेला ओटीपी तर मुळीच द्यायचा नाही.

जनावर विकलं, नाव तसंच

शेजारच्या लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात व्यवहार हातावर होतो, पैसे मिळतात आणि माणूस घरी येतो. पण बिल्ला जनावराबरोबरच जातो. मालकी बदलाची नोंद केली नाही, तर दोन गावं पलीकडे गेलेल्या बैलाच्या नोंदीत जुन्याच मालकाचं नाव राहतं. राज्यात 2015 पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे. उद्या तो बैल कुठं सापडला, तर पहिली विचारणा जुन्या मालकाकडं होऊ शकते. म्हणून विक्रीची पावती जपून ठेवणं आणि दवाखान्यात नाव बदलून घेणं मालकाच्याच हिताचं आहे.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या मात्र 18 महिन्यांनी, म्हणजे 2027 मध्ये लागू होतील. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारला प्रत्येक वेळी वेगळी संमती घ्यावी लागणार नाही, पण घेतलेली माहिती सुरक्षित ठेवावीच लागेल. आधार क्रमांक जाहीर करायला तर 2016 च्या आधार कायद्यातच मनाई आहे.

याला दुसरी बाजूही आहे. मदतीच्या याद्या लपवल्या तर खोटे लाभार्थी घुसतात. नाव, गाव आणि रक्कम फलकावर लागली तर गावकरी लगेच ओळखतात की अमक्याकडं गायच नव्हती. पण त्या यादीत मोबाईल आणि आधार क्रमांक असायची काहीच गरज नाही.

पशुपालकांनी काय करावं?

आधार कशासाठी पाहिजे, हे आधी विचारावं. झेरॉक्स द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेलं 'मास्क्ड आधार' चालेल का, ते बघावं. दिलेल्या प्रतीवर कामाचं नाव आणि तारीख लिहावी. नोंदीत नाव आणि मोबाईल नंबर बरोबर आहे का, हे तिथंच वाचून घ्यावं. फसवणूक झाली तर वेळ न घालवता 1930 वर फोन करावा.

बाकीचं काम दवाखाना आणि ग्रामपंचायतीचं आहे. लसीकरणाची यादी ग्रुपवर टाकायची नाही आणि भरून झालेल्या वह्या कुलपात ठेवायच्या. एवढ्याला निधी लागत नाही. पुढच्या लसीकरणाच्या फेरीआधी ग्रामसभेत हा विषय निघाला, तर ते सहज होण्यासारखं आहे.