खिळ्याला टांगलेली किल्ली

गेल्या हिवाळ्यात उत्तर सिक्कीममधल्या आमच्या एका पोस्टवरून एका हवालदाराचा तातडीच्या सुट्टीचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'घरगुती'. बहुतेक अर्जांत हाच शब्द असतो. त्याच्या आड कधी बांधाचा वाद असतो, कधी आईचं ऑपरेशन, कधी ठरलेलं लग्न मोडलेलं असतं. अर्जावर सही करण्याआधी माणसाशी बोलावं, हे माझ्या पहिल्या सीओंनी मला शिकवलं. मी त्याला फोनवर घेतलं.

"साहेब, घरी पोलिसांचा कागद आलाय. माझ्या नावाचा."

हवालदार सातारा जिल्ह्यातला. मुलगा अकरावीत, वय सोळा. आईच्या डोळ्यांदेखत स्कूटर घेऊन क्लासला निघाला आणि फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्या एका भाजीवाल्या म्हातारीला धडकला. तिचं खुब्याचं हाड मोडलं, याच्या मांडीचं. स्कूटर ११० सीसीची, दोन वर्षांपूर्वी कॅन्टीनमधून घेतलेली आणि अर्थातच बापाच्या नावावर.

"पण साहेब, मी तर इथं वर होतो. मी कसा आरोपी?"

कसा, ते मला त्याला सांगावं लागलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ घालण्यात आलं. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. पालकाला सुटकेची वाट आहे, पण ती अरुंद आहे. मुलाने गाडी नेल्याचं आपल्याला माहीत नव्हतं, किंवा नेऊ नये म्हणून आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. तोवर त्याची संमती होती असंच कोर्टाने धरायचं.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का, तो गाडी चालवतो ते?"

बराच वेळ फोनवर नुसती खरखर ऐकू येत होती. मग म्हणाला, "दिवाळीत त्याने स्कूटरवर बसलेला फोटो पाठवला होता. मी अंगठा पाठवला."

त्या अंगठ्याबद्दल मी त्याला काही बोललो नाही. बोलायला मला तोंड नव्हतं, ते का, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की गाडी थेट पुण्यातल्या कल्याणीनगरला जाते. १९ मे २०२४ ची रात्र, पोर्शे, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू, आणि सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध. संताप सगळ्यांना आला, मलाही आला. पण तो संताप सोयीचा होता, कारण आपल्यापैकी कोणाकडे पोर्शे नाही. कॅन्टीनची स्कूटर मात्र घरोघरी आहे.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा आकडा सरकारचाच आहे. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. कारगिलचं युद्ध चालू होतं तेव्हा आम्ही खडकवासल्याला कॅडेट होतो. त्या युद्धात आपले ५२७ जण गेले आणि त्यांची नावं आपण दगडात कोरून ठेवली. रस्त्यावर रोज सरासरी ४६२ जातात. ही तुलना काही जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही. मलाही आवडत नाही, पण आकडे तसे आहेत.

आता सोळा वर्षांच्या मुलांविषयी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथे खरी गंमत आहे. १९८८ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वय १८ हवं. अपवाद एकच: इंजिन ५० सीसीपर्यंतचं असेल, तर १६ पुरे. हा अपवाद लुनाच्या काळातला आहे. १९७२ साली आलेली ती लुना. मी सोळा वर्षांचा झालो त्या वर्षी वडिलांनी मला साताऱ्याला आरटीओत नेऊन रीतसर लायसन्स काढून दिलं होतं. शाळामास्तर माणूस, नियम म्हणजे नियम. ती लुना चढावर दमायची, मग पेडल मारायला लागायचं. पाठीमागे कोणी बसलं तर वेग असा की शेजारून सायकलवाला गप्पा मारत यायचा. पडलो, तर गुडघे फुटायचे.

आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची पेट्रोल गाडी मागून बघा. विक्रेता तुमच्याकडे दयेने बघेल. म्हणजे कायद्याने मुलांसाठी एक दार उघडं ठेवलं, पण त्या दारातून जाणारी गाडीच बाजारातून गेली. तरी सोळा वर्षांची मुलं ते लायसन्स काढतात, आणि चालवतात घरातली ११० सीसीची स्कूटर. आईबापाला वाटतं, लायसन्स आहे की! ते लायसन्स त्या गाडीचं नाही. अपघात झाला की हे विमा कंपनीला बरोबर कळतं. तिऱ्हाइताला भरपाई द्यायला कोर्ट सहसा कंपनीला लावतं, पण चालवणाऱ्याकडे योग्य लायसन्स नसल्याने ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. मालक म्हणजे आमचा हवालदार. वसुली त्याच्या फंडातून, नाहीतर निवृत्तीच्या पैशातून.

दुसरं दार इलेक्ट्रिकचं. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असला, वजनाची मर्यादा पाळली, तर नियमांनुसार ते मोटार वाहनच नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको, हेल्मेटची सक्तीही नाही. विक्रेते हे मोठ्या अक्षरांत लिहितात. वेगाचं कुलूप काढून दिलं की तीच गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, हे मात्र कोणी लिहीत नाही. बारा वर्षांची पोरं ट्रिपल सीट बसून अशा गाड्या हमरस्त्यावर नेताना मी स्वतः पाहिली आहेत. आवाज नाही, नंबर नाही. कोणाला ठोकून गेली तर शोधायचं कसं?

माझं मत सरळ आहे. सोळा वर्षांच्या मुलाला सगळंच बंद करू नका, कारण बंद केलेलं कोणी पाळत नाही. खेड्यातली एसटी क्लासच्या वेळेला येत नाही, हे खरं आहे. ५० सीसीची अट काढून वेग आणि ताकद यांवर नवा वर्ग करा. ताशी ३५-४० वर अडकणारी, नंबर असलेली, विमा असलेली इलेक्ट्रिक गाडी. तिची परीक्षा खरी घ्या, आरटीओच्या आवारात आठचा आकडा काढून घेता तशी नको. मागे कोणी बसवायचं नाही, हेल्मेट हवंच. आणि २५० वॅटवाल्यांनाही किमान वय आणि हेल्मेट लावा. त्यानंतर ११० सीसीवर सापडला, तर कलम १९९-अ बिनदिक्कत लावा.

फौजेतल्या वाचकांना मला वेगळं विचारायचं आहे. आपल्याकडे लष्करी गाडी कार डायरीत नोंद झाल्याशिवाय एमटीतून बाहेर पडत नाही. कोण चालवणार, कुठे जाणार, कोणाच्या सहीने, सगळं लिहिलेलं असतं. ज्याचं नाव नाही त्याने स्टिअरिंगला हात लावला तर आपण त्याला उभा करतो. आणि घरी त्याच माणसाच्या स्कूटरची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते, कोणीही घ्यावी अशी. एनडीएत आपण साडेसोळा-सतराव्या वर्षी गेलो. देशाने आपल्या हातात रायफल दिली, पण तीन वर्षं फिरायला सायकलच दिली. तीही स्क्वॉडमध्ये, दोन-दोनच्या रांगेत. कोणी हात सोडून चालवलेली सीनियरला दिसली की ती सायकल मग खांद्यावरून न्यायची. माझ्या खांद्याला अजून आठवते.

आता माझं. माझं कुटुंब पुण्यात, सेपरेटेड फॅमिली क्वार्टर्समध्ये. मुलगी सोळाची. मागच्या सुट्टीत मीच तिला आईच्या स्कूटरवर पुढे बसवलं, मी मागे. 'आवारातल्या आवारात' म्हणून. आवाराच्या रस्त्यावर दूधवाला येतो, कुरिअरवाला येतो, शाळेची बस येते. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. (पुणेकर आणि हेल्मेट या विषयावर मी लिहिणार नाही, मला निवृत्तीनंतर तिथेच राहायचं आहे.) तीन दिवसांनी ती एकटी गेटपर्यंत जाऊन आली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. हवालदाराने अंगठा पाठवला, मी टाळ्या. फरक इतकाच.

त्या रात्री हवालदाराचा फोन ठेवला आणि घरी लावला. विचारलं, किल्ली कुठे आहे?

"खिळ्याला. अजून कुठे असणार?" बायको म्हणाली. "का?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण सकाळी सहाला तिला क्लासला सोडणार कोण? येतोस तू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी क्लासची तुकडी बदलली. वेळ गैरसोयीची आहे, पण त्या वेळेला बस मिळते. स्टॉपपर्यंत सायकल, हेल्मेट घालून. किल्ली कपाटात गेली. मुलगी माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. मैत्रिणी सगळ्या स्कूटरवर येतात, आणि त्यांचे बाबा काही तुरुंगात गेलेले नाहीत, हा तिचा मुद्दा. मुद्दा खोटाही नाही. पकडलं जातंच कोण?

हवालदार वीस दिवसांची सुट्टी संपवून परतला. मी विचारलं, मुलगा कसा आहे? मांडीत रॉड घातलाय म्हणाला. पोरगा भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे पळायचा. रॉड असलेल्या पायाचं भरतीच्या मेडिकलला काय होतं, ते या वाचकांना सांगायची गरज नाही. म्हातारीच्या घरी गेला होता. तिच्या मुलाने आत घेतलं नाही. दारातच फळांची पिशवी ठेवून आला.

स्कूटर ठाण्याच्या आवारात उभी आहे. पुढची तारीख मार्चमध्ये. त्याने सुट्टीचा अर्ज आताच टाकून ठेवलाय. कारणाच्या रकान्यात या वेळी 'कोर्ट' असं लिहिलंय.