कौल मागण्याची किंमत

कोकणात आणि गोव्यात आजही एखाद्या मोठ्या कामाला हात घालण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावण्याची प्रथा आहे. मराठेशाहीच्या कारभारात हाच शब्द निराळ्या अर्थाने नांदत होता. ओसाड पडलेल्या गावी रयतेने परत यावे, पडीक जमीन लागवडीस आणावी, व्यापाऱ्याने नवी पेठ वसवावी, म्हणून सरकार त्यांना लेखी कौल देत असे. अमुक वर्षे अमुक दराने सारा घेऊ, तुम्ही निर्धास्तपणे कामाला लागा, असे ते आश्वासन असे. सत्तेपाशी बळ आहे हे रयतेला ठाऊकच होते. ते बळ आपल्यावर केव्हा आणि कोणत्या नियमाने चालेल, हे आधी कळले तरच नांगर शेतात उतरत होता. आजच्या अर्थव्यवहारातही हा प्रश्न बदललेला नाही. बदलली आहे ती कौल मागण्याची रीत आणि त्याची किंमत.

१९९२च्या रोखे घोटाळ्याने मध्यमवर्गाची पुंजी किती असुरक्षित आहे हे दाखवून दिले. त्याच वर्षी ‘सेबी’ला, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाला, कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्यानंतर नियमांची संख्या वाढत गेली आणि ते स्वाभाविकही होते. परंतु नियम जितके दाट, तितक्या त्यांच्या मधल्या फटीही अधिक. एखाद्या कंपनीला आपल्या प्रवर्तक कुटुंबात समभागांची फेररचना करावयाची आहे. हा व्यवहार अधिग्रहणाच्या नियमांत बसतो की त्यातून सूट मिळते? नियम वाचून दोन वकील दोन उत्तरे देतात. व्यवहार करून मोकळे व्हावे, तर पुढे दंडाची टांगती तलवार. न करावा, तर कायद्याने मुभा दिलेले कामही भीतीपोटी अडून राहते.

या पेचातून वाट काढण्यासाठी सेबीने २००३ मध्ये अनौपचारिक मार्गदर्शनाची योजना आणली. तीत दोन प्रकारची पत्रे ठरविण्यात आली. एक ‘नो-अ‍ॅक्शन’ पत्र. नियोजित व्यवहार सांगितल्याप्रमाणे झाला, तर त्यावर कारवाईची शिफारस आपण करू अथवा करणार नाही, असे सेबीचा संबंधित विभाग त्यात कळवितो. दुसरे अर्थनिर्णयाचे पत्र. विशिष्ट परिस्थितीत कायद्यातील तरतुदीचा अर्थ आपण कसा लावतो, हे विभाग त्यात सांगतो. ६० दिवसांत उत्तर द्यावे, मागणी असल्यास ते जास्तीत जास्त ९० दिवस गोपनीय ठेवावे आणि एरवी सर्वांना पाहता येईल असे प्रसिद्ध करावे, अशी ती व्यवस्था होती. नियम मोडण्याची वाट पाहत दबा धरून बसण्यापेक्षा, नियम पाळू इच्छिणाऱ्याला आधी वाट दाखविणारे शासन केव्हाही श्रेष्ठ. त्या दृष्टीने ही योजना स्वागतार्हच म्हटली पाहिजे.

अशा अर्जासाठी जी कागदपत्रे मागितली जातात, त्यांच्याबद्दल सरसकट नाक मुरडण्याची आपल्याकडे फॅशन आहे. आम्हाला ती मान्य नाही. २००३ च्या योजनेत अर्जदाराने काय करावयाचे होते? अर्ज याच योजनेखाली आहे आणि दोनपैकी कोणते पत्र हवे आहे, हे स्पष्ट लिहावयाचे. सर्व महत्त्वाची वस्तुस्थिती उघड करावयाची, लागू होणाऱ्या तरतुदी नमूद करावयाच्या आणि ठरलेले शुल्क भरावयाचे. केवळ कल्पनेतला प्रश्न चालणार नाही. ज्याचा व्यवहाराशी प्रत्यक्ष संबंध नाही, त्याने विचारलेले चालणार नाही. ज्या प्रकरणी चौकशी सुरू झाली आहे अथवा जे न्यायालयापुढे आहे, त्यात पत्र मागता येणार नाही. यातील प्रत्येक अटीमागे शहाणपण आहे. अर्ध्या माहितीवर दिलेला कौल हा कौल नव्हेच. वैद्याला निम्मी लक्षणे सांगावीत आणि औषध लागू पडले नाही म्हणून त्यालाच बोल लावावा, असला तो प्रकार होईल. चोरी करून झाल्यावर ‘हे चालेल का?’ असे विचारणाऱ्यालाही ही वाट मोकळी ठेवता येत नाही.

अमेरिकेत वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाची रीतही अशीच आहे. तेथे सवलतीचे, कारवाई न करण्याचे आणि अर्थनिर्णयाचे, अशी तीन प्रकारची पत्रे मागता येतात. अर्ज लेखी आणि स्वाक्षरीनिशी हवा. त्यातील वस्तुस्थिती खरी आणि पूर्ण आहे, असे ती प्रत्यक्ष जाणणाऱ्या व्यक्तीने प्रमाणित करावे लागते. पत्र हाती पडण्यापूर्वी परिस्थितीत बदल झाला, तर तो आपण होऊन कळवावा लागतो. सत्यकथनाची जबाबदारी विचारणाऱ्यावर टाकावी, हे तत्त्व सर्वत्र सारखे आहे आणि ते योग्यच आहे.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? ती कागदाबद्दल नाही. तो कागद कोणाला परवडतो, याबद्दल आहे.

२००३ च्या योजनेत शुल्क होते २५ हजार रुपये. अर्ज फेटाळला गेला तर त्यातले ५ हजार कापून उरलेले परत मिळत. मोठ्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम चहापाण्यातही धरली जाणार नाही. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन माणसांनिशी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचा व्यवसाय करणाऱ्या तरुणाला ती जड आहे. शुल्काच्या जोडीला वकील आलाच. कारण वस्तुस्थितीचे विश्लेषण करा आणि लागू तरतुदी नमूद करा, असे सांगितल्यावर सामान्य माणूस स्वतःच्या हाताने अर्ज लिहिण्यास धजावत नाही. तरतूद चुकली वा राहिली तर तेवढ्याच कारणावरून अर्ज परत येऊ शकतो. शिवाय अर्ज कोणी करावा, हेही ठरलेले. नोंदणीकृत मध्यस्थ, नोंदलेल्या अथवा नोंदणी करू इच्छिणाऱ्या कंपन्या, म्युच्युअल फंडांच्या संस्था आणि अधिग्रहण करू पाहणारे. ज्याच्या घामाचा पैसा या साऱ्या यंत्रणेत खेळतो, तो साधा गुंतवणूकदार या यादीत नव्हता. नियम ज्याच्या रक्षणासाठी, त्यालाच नियमाचा अर्थ विचारण्याची सोय नसावी, ही गोष्ट मनाला बोचते.

हेच आपल्याच देशातील इतर कायद्यांशी ताडून पाहावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे माहिती मागण्याचे शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील नागरिकाला तेही द्यावे लागत नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्थात, त्या कायद्याने मिळते ती कार्यालयाच्या दप्तरी असलेली माहिती. नियमाचा अर्थ सांगा, सल्ला द्या, असे त्याखाली मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्थ विचारावयाचा तर दुसरे दार ठोठवावे लागते. २०१७ मध्ये आलेल्या वस्तू आणि सेवा कराच्या कायद्याने असे एक दार ठेवले. करदात्याला व्यवहारापूर्वी अग्रिम निर्णय मागता येतो. तो ९० दिवसांत द्यावयाचा असतो, तो अर्जदारावर आणि संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो आणि त्यावर अपीलही करता येते. फसवणुकीने अथवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळविलेला निर्णय मात्र रद्द ठरतो.

सेबीच्या पत्राला हे बळ नाही. ते एका विभागाचे मत आहे. मंडळ सामान्यतः त्याला धरून वागेल अशी अपेक्षा असली, तरी ते मंडळावर बंधनकारक नाही. तो आदेश नसल्याने त्यावर अपील नाही. म्हणजे अर्जदाराने आपली सारी योजना उघड करावयाची, शुल्क भरावयाचे, दोन महिने थांबावयाचे आणि हाती यावयाचा तो असा कौल, की ज्याखाली ‘हा आमचा अंतिम शब्द समजू नये’ असे लिहिलेले असावे! नियामकाचे हात अगदीच बांधून टाकू नयेत, हे आम्हालाही कळते. पण प्रामाणिकपणे विचारणाऱ्याने सर्व काही खरे सांगितले असेल आणि पत्रावर विसंबून व्यवहार केला असेल, तर पुढे मत बदलल्यास तो बदल पुढच्या व्यवहारांनाच लागू व्हावा, एवढी हमी मिळाली पाहिजे. दिलेला शब्द पाळणे हा आपल्या राज्यनीतीचा पाया मानला गेला आहे.

अमेरिकेकडून घ्यावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तेथे १९८० मध्ये कागदी कामकाज कमी करण्याचा एक कायदा झाला आणि १९९५ मध्ये तो नव्याने रचला गेला. एखाद्या सरकारी यंत्रणेला दहा अथवा त्याहून अधिक लोकांकडून एकाच साच्याची माहिती मागवावयाची असेल, तर त्या माहितीची गरज काय आणि ती देण्यात लोकांचे किती तास खर्ची पडतील, याचा अंदाज तिला आधी जाहीर करावा लागतो. लोकांच्या सूचना मागवाव्या लागतात आणि मध्यवर्ती कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते. ही मान्यता जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. पुढे तोच अर्ज चालू ठेवावयाचा तर पुन्हा हिशेब द्यावा लागतो. वर सांगितलेल्या वायदेबाजार आयोगाची सवलतपत्रेही या हिशेबातून सुटलेली नाहीत. या कायद्याने तेथील कागद नाहीसे झाले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नागरिकाचा वेळ ही फुकट घेण्याची वस्तू नव्हे, हे तत्त्व तेथे कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले. आपल्याकडे अर्जाचा नमुना ठरविणाऱ्याला, तो भरणाऱ्याचे किती दिवस मोडतात हे कोणी विचारते काय?

हा विचार आपल्याला परका आहे, असेही नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजशासने कशी लिहावीत, यासाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे लेखाचे सहा गुण त्याने सांगितले आणि व्याघात, म्हणजे मागच्यापुढच्याचा विरोध, हा दोष मानला. आजच्या एखाद्या परिपत्रकाला हे सहा निकष लावून पाहावेत! शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही राज्यकारभाराची भाषा आपली असावी म्हणून. त्यांच्याच महाराष्ट्रात, वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या संस्थेच्या नियमांचा अर्थ मराठी माणसाला इंग्रजीवाचून लागू नये, यातला विरोधाभास डोळ्यांत भरणारा आहे.

२०२५ मध्ये सेबीने या मार्गदर्शन योजनेच्या फेररचनेचे काम हाती घेतले. अशा फेररचनेत चार गोष्टींचा आग्रह समाजाने धरला पाहिजे. शुल्क अर्जदाराच्या आकारमानानुसार असावे. अर्जाचा सोपा नमुना मराठीसह सर्व भारतीय भाषांत मिळावा. दिलेली पत्रे विषयवार लावून, साध्या भाषेतील सारांशासह लोकांपुढे ठेवावीत, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा पैसे भरून विचारावा लागणार नाही. आणि गुंतवणूकदारांच्या नोंदणीकृत संघटनांना सभासदांच्या वतीने अर्थ विचारण्याचा अधिकार असावा.

मात्र शासनाला शहाणपण सांगून आपले काम संपत नाही. ‘आधी करू, मग बघू’ ही वृत्ती आपल्या व्यवहारात भिनली आहे. सहारा समूहातील दोन कंपन्यांनी कोट्यवधी लोकांकडून पैसा गोळा केला आणि आपण सेबीच्या कक्षेत येतच नाही, असा युक्तिवाद केला. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून पैसा व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. त्यानंतरही ठेवीदारांच्या वाट्याला काय वणवण आली, ते आपण पाहिले. नियमाच्या अर्थाबद्दल शंका असेल, तर ती लोकांचा पैसा हाती घेण्यापूर्वी फेडून घ्यावी, हा त्यातला धडा आहे.

गावोगावी, वस्तीवस्तीत संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट लोकांच्या मनावर ठसवावी. ‘आमच्या योजनेला सेबीचे पत्र आहे’ असे सांगत कोणी दारी आला, तर ते पत्र पाहावयास मागावे. मार्गदर्शनाचे पत्र म्हणजे मंजुरी नव्हे आणि पैसे बुडणार नाहीत याची हमी तर नव्हेच. ते फक्त त्या अर्जदाराला, त्याने सांगितलेल्या वस्तुस्थितीपुरते दिलेले असते. ती माणसे नोंदणीकृत आहेत की नाहीत, हे सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते. घरातील शिकलेल्या मुलाने अथवा मुलीने शेजारच्या आजी-आजोबांसाठी एवढी दहा मिनिटे दिली, तर आयुष्यभराची पुंजी वाचू शकते.

कौल मागणाऱ्याने मन निर्मळ ठेवावे आणि कौल देणाऱ्याने दिलेल्या शब्दाला जागावे, ही दुहेरी निष्ठा असेल तेथेच कायद्याचे राज्य रुजते. विचारणाऱ्याकडून पूर्ण सत्याची अपेक्षा धरणाऱ्या नियामकाने, विचारण्याचा दरवाजाही प्रत्येकाच्या ऐपतीला पेलेल इतका खुला ठेवला पाहिजे. तो तसा ठेवावयास लावणे हे जागृत समाजाचे काम आहे आणि ते आपण अंगावर घेतले पाहिजे.