आशाताईंच्या पाठीशी कोण?



आपल्या मंडळातल्या एक भगिनी इथे अमेरिकेत परवानाधारक समुपदेशक आहेत. माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातले. अलीकडेच त्यांनी कार्यकारिणीला विचारले, आपल्यातल्या समुपदेशकांनी फोनवरून विदर्भातल्या शेतकरी कुटुंबांशी बोलायचे ठरवले, तर मंडळ पाठीशी उभे राहील का? कल्पना ऐकताक्षणी होकार द्यावा अशीच आहे. पण त्या निमित्ताने इथला आणि तिथला कायदा वाचला, आणि जे दिसले ते सर्व सभासदांपुढे ठेवणे मला गरजेचे वाटले.

इथे समुपदेशकाचा परवाना राज्य देते. शिक्षण किती, देखरेखीखाली काम किती, अशिलाची गुप्तता कशी राखायची, सारे त्या त्या राज्याच्या कायद्यात असते. न्यू जर्सीचा परवाना नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात आपोआप चालत नाही. मग यवतमाळची गोष्टच सोडा. तिकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली होते. साध्या समुपदेशकाला मात्र वर्षानुवर्षे कुठलीच नोंदवही नव्हती. कुणीही दारावर पाटी लावावी आणि सुरुवात करावी. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने समुपदेशकांना प्रथमच यादीत घेतले. पण यादीत नाव येणे वेगळे आणि खेड्यातल्या माणसाला नोंदणीकृत समुपदेशक भेटणे वेगळे.

यवतमाळविषयी बोलताना १९८६ साल टाळता येत नाही. त्या वर्षी १९ मार्चला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. आजही त्या तारखेला अनेक जण एक दिवसाचा अन्नत्याग करतात. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठापुढे एका पोलीस शिपायाचा खटला होता. अपघातानंतर त्याचे मन:स्वास्थ्य बिघडले होते. बायकोला भाजीचा स्टॉल लावू द्या म्हणून तो महापालिकेकडे दाद मागत होता आणि तिथेच त्याने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करायचा प्रयत्न केला. न्यायालयाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. दुर्दैवाने १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते कलम पुन्हा वैध ठरवले. त्यामुळे पुढची बावीस वर्षे, म्हणजे विदर्भात शेतकरी आत्महत्यांनी कहर केला तो सारा काळ, वाचलेला माणूस कागदोपत्री आरोपीच राहिला. अशा वेळी घरचे लोक दवाखान्यात खरे सांगत नाहीत. 'चुकून झालं' म्हणतात, पोलिसांची झंझट नको म्हणून. मग त्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे डॉक्टरही विचारत नाहीत.

२९ मे २०१८पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे बदलले. त्याच्या कलम ११५नुसार, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही. याची बातमी सगळीकडे झाली. पण त्याच कलमाचे दुसरे पोटकलम मला जास्त मोलाचे वाटते. अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. कर्तव्य म्हणजे मेहेरबानी नव्हे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३०९ गेले, हेही चांगलेच झाले. मात्र नव्या संहितेत कलम २२६ आहे. लोकसेवकाला काही करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्याच्या कामात अडवण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. १९८६च्या खटल्यातला तो शिपाई आज याच कलमात अडकू शकला असता. तहसीलच्या फेऱ्या मारून खचलेला शेतकरी कलेक्टर कचेरीच्या आवारात कोसळतो, तेव्हा तो अधिकाऱ्यावर दबाव आणत होता की हताश झाला होता, हे ठाणेदाराने कसे ठरवायचे? हे कलम जायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता काळजी आणि उपचारांचे ते कर्तव्य प्रत्यक्षात कोण पार पाडते? महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात यवतमाळही आहे. गावातल्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या 'आशा' स्वयंसेविका, घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात आणि ज्याची काळजी वाटते त्याला पुढे आरोग्य केंद्राकडे, जिल्ह्याच्या पथकाकडे पाठवतात. हे काम कसे चालते, याची कल्पना करून पाहा. ओसरीवर कापसाचा ढीग. घरधनी खाटेवर. आशाताई विचारतात, "भाऊ, झोप लागते का?" उत्तर येते, "बरं आहे जी." आत चुलीपाशी बसलेली बायको तेवढ्यात म्हणते, "दोन वाजेपर्यंत अंगणात फिरतात. मन लागत नाही म्हणतात." कागदावरच्या रकान्यात न मावणारी ही माहिती आशाताईंनाच कळते, कारण त्या गावच्याच. कुणाचे सोयाबीन पाण्यात गेले, कुणाच्या मुलीचे लग्न मोडले, सारे त्यांना ठाऊक असते. आणि नेमके याच कारणाने भाऊ गप्प राहतो. आपले बोलणे गावभर होईल, ही त्याची भीती. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालते, पण आरोग्य व्यावसायिकांवर. आशाताई त्यात बसतात का? कामाच्या हिशेबाने मिळणारा मोबदला, सरकारी नोकराचा दर्जा नाही, आणि हातात मात्र एखाद्याच्या जिवाची गोष्ट.

गावातली माणसे हे काम करू शकत नाहीत, असे मात्र कुणी म्हणू नये. विदर्भातल्याच ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्याचा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीसाठी कुणाकडे तरी पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे घडले ते गावातल्याच कार्यकर्त्यांना नीट शिकवल्यामुळे आणि त्यांच्या मागे जाणकार माणसे उभी राहिल्यामुळे.

म्हणून भगिनींच्या प्रस्तावात मी एक बदल सुचवला आणि त्यांनी तो आनंदाने मान्य केला. आपण थेट शेतकऱ्यांशी बोलायचे नाही. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय रात्री अकराला कुणाचा जीव धोक्यात आला तर दारापर्यंत कोण जाणार? फोनवर बोलण्यासाठी तिथे १०४ आणि टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत, मराठीत बोलता येते; आपल्या गावाकडच्या प्रत्येक घरात ते लिहून ठेवायला सांगा. आपण उभे राहायचे ते तिथल्या आशाताईंसारख्या ऐकणाऱ्यांच्या मागे. अवघड भेटीनंतर त्यांचे ऐकून घ्यायचे, पुढच्या भेटीची तयारी करून घ्यायची, तेही अशिलाचे नावगाव न विचारता.

पैशाविषयी थोडे. मंडळ ही परदेशी संस्था असल्याने आपली देणगी परदेशी देणगी नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पैसे दुसऱ्या छोट्या संस्थेकडे वळवू शकत नाही. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांची स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली वैयक्तिक देणगी या बंधनात येत नाही. ओसीआय कार्डधारकांची येते. इच्छुकांनी खजिनदारांशी आधी बोलावे.

पुढच्या सभेत यावर निर्णय घ्यायचा आहे. वणी, पांढरकवडा, पुसद, उमरखेड, दिग्रस भागात ज्यांची वहिनी, भाची, चुलत बहीण आशा म्हणून किंवा आरोग्य केंद्रात काम करते, त्यांनी तिला सभेआधी फोन करावा. अशा मार्गदर्शनाचा तिला उपयोग होईल का, दिवसातली कोणती वेळ तिला मोकळी असते आणि फोनवर बोलायला घरात आडोसा मिळतो का, एवढे विचारून आम्हाला कळवावे.