सोलापूरची पिंपे, मोंबासाचा पैसा

ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीतील एव्हॉन लाइफसायन्सेस या कारखान्यावर छापा घातला, तेव्हा सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन हाती लागले. पोलिसांनी त्याची किंमत २००० कोटी रुपये सांगितली. पुढे कित्येक आठवडे चर्चा चालली ती मात्र एका चित्रपट-अभिनेत्रीची. ममता कुलकर्णी यांचे नाव आरोपींच्या यादीत आले आणि त्या नावामागे बाकीचे सारे झाकले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला. केनियातील एका बैठकीच्या ठिकाणी त्या हजर होत्या, एवढ्यावरून गुन्हा शाबीत होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आठ वर्षे ज्या नावाभोवती हे प्रकरण फिरले ते नाव असे गळून पडले. मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला. सरकारी नोंदीतले, नियंत्रित म्हणून जाहीर झालेले रसायन काळ्या बाजाराच्या वाटेला लागते ते कोणाच्या डोळेझाकीने, आणि त्या डोळेझाकीची किंमत कोणाच्या खिशात जाते?

इफेड्रिन हे काही विष नव्हे. दम्यावर, सर्दीपडशावर ते पूर्वापार वापरात आहे. परंतु त्यापासूनच मेथअँफेटामिन हा भयंकर मादक पदार्थ तयार होतो, म्हणून त्याच्या उत्पादनाची, विक्रीची व साठ्याची नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. परदेशी पाठवायचे तर ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोची अनुमती लागते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. कागदावरची व्यवस्था आणि कारखान्याच्या आतील वस्तुस्थिती यांत अंतर किती पडते, हे डोंबिवलीकरांना सांगावयास नको. सोलापूरच्या छाप्यानंतर पुढच्याच महिन्यात, २६ मे २०१६ रोजी, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत प्रोबेस कारखान्याचा स्फोट होऊन १२ माणसे दगावली. ते प्रकरण निराळे, खाते निराळे. पिंपांत काय आहे आणि नोंदवहीत काय आहे, हे ताडून पाहण्याची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच सुटलेली होती.

आता मोंबासाकडे वळू. अहमदाबादचा विकी गोस्वामी हा मँड्रॅक्सच्या व्यापारात मुरलेला इसम. झांबिया, दक्षिण आफ्रिका असा प्रवास करून तो दुबईत पकडला गेला, तेथे दीर्घ कारावास भोगून २०१२ साली सुटला आणि केनियात आला. तेथील अकाशा बंधू, बक्ताश व इब्राहिम, यांच्याशी त्याने भागीदारी केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने रचलेल्या सापळ्यात हे सारे मोंबासात सापडले. ९९ किलो हेरॉइन त्यांनी अमेरिकेच्या हस्तकांनाच विकावयास काढले होते. केनियाच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला. मग दोन वर्षांहून अधिक काळ प्रत्यार्पणाच्या अर्जावर तारखांवर तारखा पडत राहिल्या. त्या तारखांचे रहस्य पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयात उलगडले. न्यायाधीश, सरकारी वकील आणि पोलीस अधिकारी यांना लाच चारून हे काम लांबविले जात होते, असे अमेरिकी सरकारी पक्षाने लेखी मांडले आणि गोस्वामीने स्वतः साक्षीत सांगितले. जामिनावर असतानाच या मंडळींनी मोझांबिकमध्ये मेथअँफेटामिनचा कारखाना काढण्याचा बेत केला होता, आणि त्यासाठी लागणारे कित्येक टन इफेड्रिन येणार होते ते सोलापूरहून. छाप्याने तो बेत फिसकटला. बक्ताशला २०१९ मध्ये २५ वर्षांची, इब्राहिमला जानेवारी २०२० मध्ये २३ वर्षांची शिक्षा झाली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पश्चिम आफ्रिकेत सापडते. लायबेरियात कोकेनचा अड्डा करू पाहणाऱ्यांनी तेथील गुप्तवार्ता खात्याच्या प्रमुखालाच लाच देऊ केली. हा प्रमुख म्हणजे राष्ट्राध्यक्षा एलेन जॉन्सन सर्लीफ यांचा सावत्र पुत्र. त्याने लाच घेण्याचे सोंग वठविले, सारी बोलणी ध्वनिमुद्रित होऊ दिली, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोघांना अनुक्रमे ३० व २० वर्षांची शिक्षा झाली. गिनी-बिसाऊच्या नौदलाचा मात्र माजी प्रमुखच २०१३ साली अमेरिकेच्या हाती लागला. एकाच किनाऱ्यावर, एकाच मालाच्या व्यापारात, दोन राज्ययंत्रणा इतक्या भिन्न वागल्या.

अमेरिकेच्या या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. खबऱ्यांना पैसे देऊन गुन्हा घडवून आणावयाचा, मग तोच शाबीत करावयाचा, हे न्यायाच्या आपल्या कल्पनेत सहजी बसत नाही. आणि जानेवारी २०१७ मध्ये अकाशा बंधूंना केनियातून उचलून नेले ते तेथील प्रत्यार्पणाची सुनावणी अर्ध्यावर सोडून. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या खटल्यात पैसा कोणी कोणास दिला, हा प्रश्न मध्यभागी होता. आपल्याकडे खटला उभा राहतो तो जप्तीच्या पंचनाम्यावर.

याला आपल्या कायद्याची घडणही कारण आहे. मेथअँफेटामिन ५० ग्रॅमहून अधिक सापडले तर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि जामीन मिळणे दुरापास्त आहे. नियंत्रित रसायनांना मात्र ही ‘व्यापारी परिमाणा’ची कसोटीच लागू नाही. इफेड्रिन एक किलो असो की १८ टन, केवळ त्या कलमाखाली शिक्षा दहा वर्षांपर्यंत, किमान मर्यादा नाही, आणि जामिनाची ती कडक अटही नाही. पोलीस कटाची वा अर्थपुरवठ्याची कलमे लावू शकतात. ती टिकवावयाची तर पैशाचा माग दाखवावा लागतो. आणि माग काढावा तो नेमका राजकीय उंबरठ्यापर्यंत पोचण्याची भीती. सोलापूर प्रकरणात गुजरातमधील एका माजी आमदाराच्या पुत्राचे नाव आरोपींत आले होते. आरोप म्हणजे दोष नव्हे. परंतु त्या नावानंतर ना विधिमंडळांत खळबळ झाली, ना कोणत्या पक्षाला खुलासा करावासा वाटला. सारे लक्ष अभिनेत्रीकडे होते, हे अनेकांच्या पथ्यावर पडले असावे.

महाराष्ट्रात लाचेचा प्रश्न चर्चेत आला तो पुढे, २ ऑक्टोबर २०२३ रोजी. मेफेड्रोन प्रकरणातील कैदी ललित पाटील पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला आणि कैद्याला रुग्णालयाच्या खाटेवर राहता येते ते कसे, हे लोकांसमोर आले. नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याच्या भावाच्या कारखान्यात माल तयार होत होता. पोलीस निलंबित झाले, रुग्णालयातील मंडळींवरही कारवाई झाली, सत्तारूढ व विरोधी पक्षांनी एकमेकांचे फोटो दाखविले. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा आणखी मोठा साठा निघाला. चिंचोली, शिंदे, कुरकुंभ. दर वेळी छापा घालणारे पोलीस बाहेरगावचे असतात, हा योगायोग नव्हे. ज्यांनी रोज त्या दारावरून जावयाचे त्यांना काहीच दिसलेले नसते.

बेहिशेबी मालमत्ता गोठविण्याचे अधिकार याच कायद्यात १९८९ पासून आहेत. भारत व अमेरिका यांच्यात फौजदारी प्रकरणांत परस्पर साहाय्याचा करार २००५ पासून अंमलात आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढील कागदपत्रांत सोलापूरच्या कारखान्याचा उल्लेख आहे आणि मोंबासात लाच कशी पोचविली याची शपथेवर दिलेली साक्ष आहे. त्या साक्षीची प्रमाणित प्रत मागवून, सोलापूरच्या बाजूचा पैसा कोठून आला व कोणत्या खात्यांतून फिरला, एवढे विचारण्यासाठी महाराष्ट्र शासनाला नवा कायदा करावा लागत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत एक पत्र धाडावे लागते.